सपकाळ सुभेदारांची हजेरी

सकाळचे साडेसात वाजले की मुरलीधर किर्दत खुर्चीत ताठ बसत, घसा खाकरत आणि मायक्रोफोनचं बटण दाबून अकरा माणसांची हजेरी घेत. अंगात इस्त्रीचा शर्ट असे. रेडिओवर कपडे दिसत नाहीत हे टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण बनियनवर हजेरी घ्यायची म्हणजे त्यांना कसंसंच व्हायचं.

ही हजेरी हौशी रेडिओवाल्यांची. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि टॉवर नाही, केबल नाही, नुसत्या आकाशातल्या विद्युतभारित थरावर लहरी आपटवून दूरदूरच्या माणसांशी गप्पा मारायच्या, असा हा नाद. जग त्यांना हॅम म्हणतं. रोजच्या ठरलेल्या भेटीला ते ‘नेट’ म्हणतात, आणि इंटरनेट जन्मायच्या आधीपासून म्हणतात, हे किर्दत प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. पण गेल्या सहा वर्षांत नवा सभासद आलाच नव्हता.

जे होते त्यांतला सगळ्यात धाकटा अठ्ठावन्न वर्षांचा. बहुतेक एकटे. म्हणूनच हजेरीला एक कडक नियम होता. कुणी दोन सकाळी बोललं नाही तर किर्दतांनी फोन करायचा. फोन उचलला नाही तर जवळच्या सभासदानं घरी जाऊन दार वाजवायचं. फलटणचे शहा अशाच नियमामुळे न्हाणीघरात पडलेले सापडले होते आणि वाचले होते.

किर्दतांची स्वतःची गत काही वेगळी नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक बंगळूरला. वाणसामान, औषधं सगळं दाराशी येऊन पडे, आणणारा घंटी वाजवून निघूनही जाई. सव्वाआठला नेट संपलं की दुसऱ्या दिवशीच्या साडेसातपर्यंत त्यांच्या तोंडून माणसाशी शब्द निघेलच असं नव्हतं. कधी कधी ते उगाच मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत.

हजेरीतलं शेवटचं नाव बयाजी सपकाळांचं. लष्कराच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे, कुसवडे नावाच्या वाडीत एकटा राहत होता. लग्न केलं नव्हतं. वाडीतली बाकीची घरं बहुतेक कुलपात, माणसं मुंबईत. मोबाइलची रेंज तिथे कधी पोहोचलीच नाही. हजेरी संपून बाकीचे गेले की किर्दत आणि सपकाळ यांच्या वीसेक मिनिटं गप्पा चालत. बारा वर्षं चालल्या होत्या. आणि बारा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

“या की येकदा, साहेब. नाचणीची भाकरी घालतो खायला,” सपकाळ शेवटी म्हणत.

“येतो, येतो सुभेदार. निघालोच समजा,” किर्दत म्हणत.

आपल्याकडे हे वाक्य कुणी मनावर घेत नाही, आणि न घेतल्याचा रागही धरत नाही. सातारा ते बामणोली दीड तासाची एस.टी., पुढे तासभर लाँच, मग पाऊण तास चढ. गुडघ्यांचं निमित्त होतं, पावसाचं होतं, लाँचच्या वेळांचं होतं. खरं कारण किर्दतांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रेडिओवर एवढं जमलेलं समोरासमोर बसल्यावर जमेल की नाही, याची त्यांना धास्ती वाटायची.

घोडं अडलं ते गोंगाटापाशी. छपराछपरावर सौर पाट्या आल्या, दारादारात गाड्या चार्जिंगला लागल्या. त्यांतले इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतात आणि तोडतात, आणि दर वेळी लघुलहरींमध्ये थोडा कचरा सांडतात. एका घराचा कचरा काहीच नाही. पण लाखो घरांचा मिळून असा खरखराट झाला की दोन वर्षांत अकरांपैकी सहाच जण ऐकू येऊ लागले, मग चार. सपकाळ तर तळाशी गेलेल्या दगडासारखे दिसेनासे झाले. त्या महिन्यात किर्दतांचं वजन चार किलो उतरलं.

मग ‘पूरक’ आला. साबणाच्या डबीएवढी पेटी, रेडिओ आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायची. घरात मिक्सर चालू असताना बायको काही बोलली तर नवऱ्याला अर्धेच शब्द ऐकू येतात, तरी अर्थ पुरा कळतो, कारण ती काय बोलणार हे तीस वर्षांत पाठ झालेलं असतं. पूरकाचं तत्त्व हेच. प्रत्येक सभासदाचा आवाज, त्याची शब्दांची लकब, कशानंतर काय बोलायची सवय, हे जुन्या ध्वनिमुद्रणांतून तो शिकलेला असे. खरखरीत आवाजाचे दोन-चार धागे सापडले की मधली वीण तो स्वतः घाली. समोरच्यानं काय उत्तर दिलं असेल हे ओळखायला इकडून काय विचारलं हेही कळायला हवं, म्हणून त्याचा एक कान खोलीतल्या मायक्रोफोनला कायम लागलेला असे. ऐकलेलं भरवशाचं असेल तर पेटीवर हिरवा दिवा, नसेल तर लाल.

सगळ्यांनी आपापल्या घरी पूरक बसवल्यावर पहिल्याच सकाळी अकराच्या अकरा जण हजर झाले. “साहेब, असं वाटतंय जनू शेजारी बसून बोलताय,” सपकाळ म्हणाले. हजेरीची वही मिटल्यावर किर्दतांनी बऱ्याच दिवसांनी गोडाचा शिरा केला आणि एकट्यानंच खाल्ला.

त्याच सुमारास सरकारनं कुटुंब-रेडिओची सेवा काढली. दुर्गम भागातल्या घरांसाठी साधे हातातले संच. परीक्षा नाही, काही नाही. कुटुंबातल्या एकानं परवाना घ्यायचा आणि त्यावर आई-बाप, भाऊ-बहीण, मुलं-सुना सगळ्यांनी बोलायचं. डोंगरावर आवाज झेलून पुढे पाठवणारा रिपीटर होता, त्यामुळे संच पार साताऱ्यापर्यंत पोहोचे. सपकाळांच्या पुतण्यानं परवाना घेतला. पुतण्याची बायको वंदना बामणोलीत जेवणाची खानावळ चालवी. एक संच तिच्याकडे, एक चुलतसासऱ्यांकडे, आणि एक उरला.

“तो तुमी ठिवा,” सपकाळ म्हणाले होते. “नात्याच्या रकान्यात भाऊ लिवतो.”

“अहो, पण मी भाऊ नाही ना तुमचा. खोटी नोंद कशी चालेल?”

“बारा वरसं रोज बोलतोय. आजून काय ऱ्हायलं?”

“नियम म्हणजे नियम, सुभेदार. आणि परीक्षा पास झालेल्या माणसानं ते खेळणं हातात घेऊन बोलायचं? शोभतं का?”

सपकाळ हसले, आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. किर्दतांनाही मागाहून वाईट वाटलं होतं. पण सांगायचं कसं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळी उलटून आठवडा झाला होता. मंगळवारी दुपारी किर्दतांचा फोन वाजला. वंदना होती.

“काका, मी सपकाळांची सून बोलतीय, बामणोलीवरनं. आमचे आण्णा काल रातच्यापासून संचावर बोलत न्हाईत. दोन-चारदा हाका मारल्या. तुमच्याशी रोज सकाळी बोलत्यात, म्हणून इचारलं.”

“आज सकाळीच बोललो की,” किर्दत म्हणाले. “हजर होते. गुडघा बरा आहे म्हणाले, मेथी टाकलीय म्हणाले. ठणठणीत आहेत.”

“मग संच चार्जिंगला लावायचा इसरलं आसतील. मी आत्ता लाँच धरून निघालेच हुते.”

“कशाला हेलपाटा? उद्या हजेरीला मीच सांगतो त्यांना, सुनेला उत्तर द्या म्हणून.”

“लई बरं झालं बाई,” वंदना म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि लाँच गेली तिच्याशिवाय.

बुधवारी सकाळी अकरा जण हजर. सपकाळांना त्यांनी निरोप दिला. “सांगतो, साहेब, सांगतो,” स्वच्छ आवाज आला. हिरवा दिवा लागलेला होता. किर्दतांनी नेहमीप्रमाणे अहवाल दिला, “फाइव्ह-नाइन, सुभेदार,” आणि वहीत तो लिहिला. हा हॅम लोकांचा अहवाल. बोलणं किती समजलं याला पाचपैकी, आवाज किती जोरकस होता याला नऊपैकी आकडा द्यायचा.

हजेरी संपली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कऱ्हाडच्या नाईकांना वर्गणीचं विचारायचं राहिलं. त्यांनी फोन लावला.

“नाईक, मघाशी नेटवर विसरलोच बघा विचारायला.”

“मघाशी?” नाईक हसले. “अहो, माझी तार उतरवून नऊ दिवस झाले. घराला रंग चाललाय, सगळा संसार मांडवात. आज तुम्हाला फोन करणारच होतो. म्हटलं, किर्दतसाहेबांचा दोन दिवसांत फोन येईल. आलाच नाही. मला वाटलं, विसरले आपल्याला.”

किर्दतांनी वही उघडली. नऊ दिवस. नाईक हजर, फाइव्ह-नाइन. नाईक हजर, फाइव्ह-नाइन. आदल्या दिवशी तर नाईकांनी सुपारीच्या बागेबद्दल दोन मिनिटं सांगितलं होतं.

ते उठले. रेडिओच्या मागे जाऊन तारेची जोडणी त्यांनी फिरवून सोडवली आणि तारेचं टोक खिडकीत ठेवलं. आता स्पीकरमध्ये रेडिओची स्वतःची फुसफुस सोडून काही येणं शक्य नव्हतं. मग खुर्चीत बसून, बटण न दाबता, नुसतंच तोंडानं ते म्हणाले, “शहा, फलटण.”

“हजर. नमस्कार किर्दतसाहेब,” शहा म्हणाले.

“नाईक, कऱ्हाड.”

“हजर, हजर.”

अकरा नावं झाली. अकरा जण बोलले. कुणाला सर्दी होती, कुणाचा नातू आला होता. शेवटी सपकाळ म्हणाले, “या की येकदा, साहेब,” आणि हिरवा दिवा जरासुद्धा हलला नाही.

टेलिफोन खात्यातला माणूस होता. पाच मिनिटांत त्यांना चूक सापडली, आणि ती यंत्राची नव्हती. पूरकाला भरवसा शिकवायला देशभरातल्या हॅमनी आपली ध्वनिमुद्रणं आणि नोंदवह्या दिल्या होत्या. हे बोलणं ऐकणाऱ्याला किती समजलं, त्याचा आकडा त्या वहीत. आणि हॅम माणूस आकडा काय लिहितो? लांबून बिचारा बोलतोय, त्याला कशाला नाराज करायचं, म्हणून एक अक्षर कळलं नाही तरी फाइव्ह-नाइन. पाहुण्याला भाजी कशीही झाली तरी छानच म्हणतात, तशी ही रीत. पिढ्यान् पिढ्या कुणाला तिचा त्रास झाला नव्हता. यंत्राला मात्र ती रीत आहे हे कुणी सांगितलं नाही. नुसत्या खरखरीसमोरही ‘सगळं स्वच्छ समजलं’ अशी नोंद त्याला हजारो वेळा दिसली, आणि तो तेच शिकला. लाल दिवा लावण्याचं कारण त्याला कधी मिळालंच नाही. किर्दतांनी स्वतः बारा वर्षांच्या वह्या अभिमानानं पाठवल्या होत्या. त्यांतली सर्वाधिक पानं सपकाळांची होती.

सोमवार रात्रीपासून माणूस बोलत नाही, आणि जायला निघालेल्या सुनेला आपण परत फिरवलं. त्यांनी वंदनाला फोन लावला आणि रोज ऐकू येणारा आवाज सपकाळांचा नव्हता, हे सांगितलं.

“मी येतोय,” ते म्हणाले. “सकाळची लाँच गेली असेल, दुपारची धरून ठेवा. माझं चुकलं, मुली.”

एस.टी. कासच्या पठारावरून जात होती. हा रस्ता त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. शेजारच्या बाईनं “कुठं निघालात?” म्हणून सहज विचारलं, तर “मित्राकडे” एवढंच त्यांना सांगता आलं. मित्र हा शब्द मोठ्यानं उच्चारल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खिडकीकडे वळले.

धक्क्यावर वंदना उभी होती. चाळिशीची, कष्टानं रापलेली बाई. तिनं त्यांना एका शब्दानंही बोल लावला नाही. लाँचवर दोन गडी होते. पाणी शांत होतं, काठाकाठानं बुडालेल्या झाडांचे शेंडे दिसत होते. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, “आण्णा तुमचं लई सांगायचे. तुमच्यासाठी नाचणीचं पीठ राखून ठिवायचे. मग जुनं झालं की मला आणून द्यायचे, आन् नवं दळायचे.”

बारा वर्षांचं पीठ किती झालं असेल, एवढंच किर्दतांच्या मनात येत राहिलं.

चढाला त्यांचे गुडघे बोलू लागले, पण ते थांबले नाहीत. वंदना पुढे, दोन गडी मागे. घर दिसलं. कौलांवर तार ताणलेली होती, एका टोकाला आंब्याला, दुसऱ्या टोकाला बांबूला. इतकी सरळ तार किर्दतांनी स्वतःच्या गच्चीवरही कधी ताणली नव्हती. दार लोटलेलं होतं.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. वंदनानं सुटकेचा श्वास टाकला. “आगं बया, हायत की कुनीतरी!”

किर्दत उंबऱ्याशी खिळले. आत त्यांचा स्वतःचा आवाज बोलत होता.

“निघालोच सुभेदार. निघालोच समजा. गुडघा कसा आहे? जपा स्वतःला. येतो, येतो.”

सपकाळ जमिनीवर पडले होते. एक पाय मांडीपासून विचित्र वळलेला होता, ओठ फुटलेले. हाताशी तांब्या आडवा होता, त्यात घोटभर पाणी उरलेलं. कुटुंब-रेडिओचा संच पलीकडच्या भिंतीवर खुंटीला, माणूस सरपटत पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. हॅम रेडिओ टेबलावर, बॅटरीवर चालू. सपकाळ पुटपुटले, “साहेब, कुटवर आला?” आणि टेबलावरच्या पूरकाच्या मायक्रोफोननं ते टिपलं, खरखरीतून उत्तर विणलं. “आलोच, सुभेदार.” हिरवा दिवा.

वंदना किंचाळून जवळ धावली, फडक्यानं ओठ ओले करू लागली. गडी बाहेर झोळीसाठी बांबू आणि कांबळं शोधायला पळाले. किर्दत गुडघ्यांवर बसले. एवढासा चेहरा होता. आवाजावरून त्यांनी धिप्पाड माणूस कल्पिला होता.

“सुभेदार,” ते म्हणाले. “मी आलो.”

सपकाळांनी डोळे उघडले. अनोळखी, धापा टाकणारा, घामेजलेला म्हातारा त्यांना दिसला असावा. दम लागून किर्दतांचा आवाजही फाटला होता.

“कोन?”

“मी किर्दत. साताऱ्याचा मुरलीधर किर्दत.”

सपकाळांनी मोठ्या कष्टानं मान हलवली. बोट उचलून टेबलाकडे दाखवलं. “न्हाई. किर्दतसाहेब तितं हाइत. निघाल्यात ते. सोमवारपासनं बोलत्यात माज्याशी. येक घटका झोपू दिलं न्हाई त्यांनी मला.”

“आण्णा, हेच त्ये,” वंदना रडत म्हणाली. “हेच तुमचं सायेब.”

“गप, पोरी. त्यांना बोलू दे.”

किर्दत उठून टेबलाशी गेले. पेटीच्या मागच्या खटक्यावर त्यांनी बोट ठेवलं. एक खटका, आणि खोटं बोलणं बंद झालं असतं. पण ते ऐकत राहिले, आणि त्यांना नवल वाटलं, कारण त्यात परकं असं काही नव्हतं. ‘जपा स्वतःला’ हे त्यांचंच. ‘तुमच्याशी बोललं की दिवस बरा जातो’ हेही त्यांचंच, कधीतरी सहज बोलून गेलेलं. बारा वर्षांत तोंडदेखलं जे जे म्हटलं ते सगळं त्या पेटीनं खरं मानून घेतलं होतं, आणि एका माणसाला दोन दिवस जिवंत ठेवलं होतं. आपण स्वतः मात्र आज आलो, सुनेला एक दिवस अडवून. त्यांना इतकी लाज वाटली की बोट तिथून आपोआप निघालं.

झोळी तयार झाली. सपकाळांना उचलून कांबळ्यात घालताना ते ओरडले, मग शांत झाले. उतारावर किर्दत झोळीला धरून चालत होते. मागे घरात आवाज चालूच होता. वळण आलं आणि तो ऐकू येईनासा झाला. तशी सपकाळांची चुळबुळ सुरू झाली. मान वळवून ते मागे बघू लागले.

लाँच सुटली. वंदना दवाखान्यात फोन लागतो का ते बघत लाँचच्या पुढच्या टोकाला उभी होती. किर्दतांनी सपकाळांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, उन्हाला आड म्हणून पंजा धरला होता. सपकाळ बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी किर्दतांच्या शर्टाची बाही धरली. किर्दत खाली वाकले.

“पावनं,” सपकाळ म्हणाले, “तुमी भला मानूस दिसता. येक काम करा. किर्दतसाहेब वाटंत आसतील. लांबनं येत्यात, गुडघ्याचा तरास हाय त्यांना. घर उगडं बगून घाबरतील. त्यांला निरोप द्या, मला दवाखान्यात न्हेलं म्हनून.”

पलीकडचा काठ अजून दूर होता. किर्दतांनी उन्हाला धरलेला पंजा नीट केला.

“सांगतो,” ते म्हणाले.